तांबडी काच

माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. विंडोज ९८ असलेला, वजनाला पाट्यासारखा. त्यातली पत्रं नव्या संगणकावर घ्यायची होती, म्हणून कडेच्या खाचेत नेटवर्क कार्ड सरकवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावाशी पिवळं उद्गारचिन्ह.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. चिन्ह जागचं हलेना. मग कळलं, कार्डाच्या वाट्याला इंटरप्ट क्रमांक ३ आला होता आणि तिथे आधीच कुणीतरी ठाण मांडलेलं. त्या पिढीच्या यंत्रांत प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा १६च, ० ते १५. घड्याळाची ०, कीबोर्डची १, हार्ड डिस्कची १४. दोघांनी एकाच वाटेने हाक मारली की कुणाचीच धड पोचत नाही. चाळीतल्या नळासारखं, असं लिहिणार होतो. पण नळावर निदान भांडता तरी येतं.

३ वर बसला होता इन्फ्रारेड पोर्ट. लॅपटॉपच्या कुशीतली ती काळपट तांबडी काच. इतक्या वर्षांत तिच्यातून मी काही पाठवलं नाही, काही आलंही नाही. तरी ती आपली जागा धरून, कान टवकारून बसलेली. बायोसमध्ये जाऊन तिला बंद केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला.

आनंद झाला, थोडा. पण बोट मात्र त्या काचेवरून फिरत राहिलं. आमच्या ओटीवर अशीच एक आरामखुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, आणि ती हलवायची गोष्टही कुणी काढत नाही.

पत्रं इकडे आली आहेत. अजून उघडलेली नाहीत.