बाबांचं कार्ड आणि झाडूचं चित्र



जूनचा तिसरा रविवार जवळ आला की दुकानांत शंभर-दीडशे रुपयांची चकचकीत कार्डं लागतात. आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, 'फादर्स डे' हे बाजाराचं खूळ, चळवळीचा त्याच्याशी संबंध काय? आज ते बाजाराचं झालंय हे खरंच. पण सुरुवात बाजाराने केली नव्हती. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात १९१० साली सोनोरा डॉड या बाईंनी हा दिवस साजरा करवला, तो आपल्या वडिलांची आठवण ठेवून. ते यादवी युद्धात लढलेले सैनिक. बायको बाळंतपणात गेल्यावर त्यांनी मुलांना एकट्याने वाढवलं.

हे वाचताना आम्हाला सुभेदार रामजी आठवले. तेही सैन्यातले. भीमाबाई गेल्यावर बहीण मीराबाईंच्या मदतीने त्यांनी मुलं वाढवली. भीमरावांच्या पुस्तकांसाठी ते लेकींच्या दारात जायचे आणि त्यांचा दागिना गहाण टाकून पैसे उभे करायचे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियाला शिकायला गेले. पुढे १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आला, तो बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. अर्पणपत्रिका वाचायला रामजी नव्हते.

आमचे वडीलही आता नाहीत. बिगारी काम करायचे. त्यांचं नाव आम्ही जन्मभर लिहिलं: शाळेच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, जात पडताळणीच्या अर्जावर. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा म्हणून आजोबांच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेत तीन हेलपाटे घातले. बापाचं नाव इतक्या वेळा लिहिलं, पण बापाला उद्देशून एक ओळ कधी लिहिली नाही. ते गेल्यावर हे ध्यानात आलं. म्हणून गेल्या वर्षी वस्तीच्या अभ्यासिकेत पोरांना घेऊन कार्डं करायला बसलो.

खर्च जवळजवळ नाहीच. वस्तीत लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांची कोरी बाजू चांगली जाड असते. निळा घोटीव कागद आणला, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. शर्टाचं कार्ड सगळ्यांना जमतं. कागद आडवा ठेवायचा, डावी आणि उजवी कड मध्यावर आणून दाराच्या फळ्यांसारख्या दुमडायच्या. मग दोन्ही फळ्यांचे वरचे, मधले कोपरे बाहेरच्या बाजूला तिरके दुमडले की कॉलर तयार. घडीवरून पट्टी दाबून फिरवा, नाहीतर कार्ड फुगून बसतं. फळ्या उघडल्या की आत लिहायला जागा.

बाहेर बाबांच्या कामाचं चित्र काढा, असं आम्ही सांगितलं. एकीने थापी आणि घमेलं काढलं, एकाने रिक्षा. सहावीतला एक पोरगा मात्र कोरा कागद घेऊन बसून राहिला. त्याचे वडील कंत्राटावर रस्ते झाडतात. आम्ही त्याच्याजवळ बसलो आणि भाषण दिलं. कुठलंही काम हलकं नसतं, झाडूची लाज कसली, अभिमानाने काढ. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "दादा, बाबा घरी झाडूचं नाव काढत नाहीत."

आम्ही गप्प झालो. आपण काय बोलून बसलो हे तेव्हा कळलं. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणणं आणि ते ज्यांच्या माथी मारलं त्यांनाच त्याचा अभिमान बाळगायला सांगणं, ही गांधीवादातली क्रूर थट्टा बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात उघडी पाडली होती. तो ग्रंथ आमच्या अभ्यासिकेच्या कपाटात आहे. त्यावर आम्ही चर्चासत्र घेतलंय! आणि तेच सेवेचं तत्त्वज्ञान आम्ही अकरा वर्षांच्या पोराला पाजत होतो. थापी ही त्या पोरीच्या बापाची कारागिरी असेल, तिने ती खुशाल काढावी. झाडू हा या माणसाचा नाइलाज आहे. त्याने घाम गाळून घर चालवलं, त्याचा आदर वेगळा. जातीने हातात दिलेल्या वस्तूचा गौरव ही निराळी गोष्ट आहे.

मग त्याला विचारलं, बाबा तुला कसे आवडतात? म्हणाला, संध्याकाळी अंघोळ करून पांढरा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात आणि विहारात जातात. त्याने तो शर्ट केला. निळ्या कागदाचा पेन चिकटवला, तो शर्टापेक्षा मोठा दिसत होता.

सगळ्यांचं असं झालं नाही. एका मुलीने बापासाठी कार्ड करायला नकार दिला. तो दारू पिऊन तिच्या आईला मारतो. "करून टाक, तेवढंच त्याला बरं वाटेल," असं आमच्यातलाच एक जण म्हणाला, त्याला आम्ही थांबवलं. बाईच्या गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या चळवळीने मारकुट्या बापाच्या पाया पडायला पोरीला शिकवायचं? तिने कार्ड केलं ते आईच्या वडिलांसाठी. तोच तिची फी भरतो. आत लिहिलं, "आजोबा, दहावीला मी पहिली येईन." ती येईल की नाही आम्हाला माहीत नाही, आजोबा मात्र तयारीला लागलेत.

आठवड्याने त्या पांढऱ्या शर्टवाल्याच्या घरी गेलो, शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी. वडिलांनी पेटीतून प्लास्टिकची फाईल काढली. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि त्यांच्यामध्ये ते कार्ड. आम्ही पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "हे नाही लागणार ना?" असं म्हणत त्यांनी ते परत आत सरकवलं.

यंदाही त्याच्या आदल्या रविवारी बसणार आहोत, सकाळी दहाला. खळ आम्ही शिजवतो. लग्नपत्रिका तुम्ही आणा, आणि चित्र काय काढायचं ते पोरांना ठरवू द्या.

जय भीम!