समासातील तांबडी शाई

दहावीत आम्हांला इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरचे ‘ज्यूलिअस सीझर’ हे नाटक होते. सीझरच्या वधानंतर ब्रूटस लोकांपुढे आपली बाजू मांडतो आणि त्याच्यामागून अँटनी बोलतो. ब्रूटसचे बरोबर की चूक, यावर सरांनी निबंध लिहावयास सांगितला. मी ब्रूटसचा कैवार घेऊन चांगली चार पाने लिहिली. वही परत आली, तेव्हा समासात तांबड्या शाईने तीन ठिकाणी एकच प्रश्न होता : पुरावा कोठे? खाली आज्ञा होती : आता उलट बाजूने लिही.

मला फार राग आला. माझे मत एक आणि लिहावयाचे दुसरेच, ही कसली रीत! पण निबंध तर द्यावयाचाच होता. रात्री दोन्ही भाषणे पुन्हा वाचली आणि मी चपापलो. सीझर महत्त्वाकांक्षी होता, असे ब्रूटस म्हणतो. पण त्याला एकही दाखला देत नाही! अँटनी मात्र दाखल्यांवर दाखले देतो : सीझरने मुकुट तीनदा नाकारला, मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकास ७५ द्रॅक्मा नाणी ठेवली. माझ्या चार पानांत नुसता ब्रूटसचा आवेश होता.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, “सर, अँटनीचेच खरे.”

सर हसले. “त्याचे भाषण ऐकून लोकांनी पुढे काय केले, ते वाचलेस का?”

मी पान उलटले. सिन्ना नावाच्या एका निरपराध कवीवर, केवळ त्याचे नाव एका कटवाल्याचे होते म्हणून, जमाव तुटून पडला होता.

मी मुकाट्याने वही उचलली आणि तिसऱ्यांदा लिहावयास बसलो.