दगड गोल नव्हताच

कॉनेमारातला वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही. आयर्लंडचा हा पश्चिम किनारा. पुढे थेट अमेरिकेपर्यंत अटलांटिक. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला समुद्राचं काय कौतुक? पण इथली जमीनच अजब! काळपट, पायाखाली स्पंजासारखी दबणारी दलदल, तिच्यात जिकडेतिकडे तळी चमकतायत, मधूनच पिवळ्याधमक काटेरी झुडपांचा भडका. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा लोक चुलीत जाळतात. त्या धुराचा गोडसर, मातकट वास कपड्यांना चिकटतो तो चिकटतोच.

आणि नावं! इथे खडकाखडकाला नाव आहे.

राउंडस्टोन गावाच्या पाटीवर दोन ओळी. वर तिरप्या अक्षरांत आयरिश ‘क्लॉख ना रोन’, खाली इंग्रजी. इंग्रजी वाचून गोल दगड डोळ्यांपुढे येतो. मूळ अर्थ मात्र सीलांचा खडक. ‘रोन’ म्हणजे सील. साहेबाच्या कानाला त्याचं ‘राउंड’ ऐकू आलं आणि तेच नकाशावर बसलं. धक्क्यावर मी हे ऐकतोय, तोच समोर पाण्यातून एक काळं, मिशाळ डोकं वर येतं, टकमक बघतं आणि गडप!

आमच्या वसईचं पोर्तुगीजांनी बसैं केलं, इंग्रजांनी बसीन. १७३९ साली मराठ्यांनी जिंकल्यावर ती बाजीपूरही झाली. गावकऱ्याच्या तोंडी मात्र वसई ती वसईच. इथे राउंडस्टोनच्या बाजूला तर आयरिश बोलणारेच विरळ होत गेले. मग नावांची कुळकथा सांगणार कोण?

ते काम केलं टिम रॉबिन्सननं, आणि तो इंग्रज! १९७२ साली तो इथल्या किनाऱ्यासमोरच्या ॲरन बेटांवर राहायला आला, आयरिश शिकला, पुढे राउंडस्टोनलाच घर केलं. पायी हिंडायचं, म्हाताऱ्यांना गाठायचं, खाच-खडक-खाडीचं नाव अर्थासकट टिपायचं. १९९० साली त्याचा कॉनेमाराचा नकाशा निघाला. ‘डेरी’नं सुरू होणारी गावं त्यात बघावीत. तो शब्द ओकच्या राईचा. आज कित्येक ठिकाणी नुसता उघडा माळ. एका जागेचं नाव तर ‘मुकनाख इदिर घा हाल्या’: दोन खाऱ्या खाड्यांमधला डुकराच्या पाठीसारखा उंचवटा! त्यापुढे आमचं नालासोपारा, म्हणजे नाळे आणि सोपारा एकाच फलाटावर कोंबलेले, अगदीच आटोपशीर.

धक्क्यावर जाळं आवरणाऱ्या आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडे तळ्यांना नावं असतात?”

मी बावखलांबद्दल सांगत सुटलो. वाडीवाडीतली ती गोड्या पाण्याची तळी, भोवती केळी, कुरकुरणारा रहाट. कितीतरी बुजवली, वर इमारती उठल्या, हेही सांगितलं.

“मग तळ्याचं नाव इमारतीला दिलं असेल ना?”

“छे हो,” मी म्हटलं, “इमारतीचं नाव लेक व्ह्यू.”