ईयोबाची पुढची पाने

आमच्या मंडळीत ईयोबाचे नाव निघते ते बहुतेकदा कुणाच्या तरी घरी दुःख झाल्यावर. पाळक पहिला अध्याय उघडतात. गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, तरी त्या माणसाने देवाचे नाव धन्य म्हटले, एवढे वाचून पुस्तक मिटते. जमलेली माणसे आमेन म्हणतात. ज्या घरातले माणूस प्रभूमध्ये निजले आहे, त्या घरातल्यांनाही मान हलवावी लागते. अशा वेळी मला फार वाटते की पाळकसाहेबांनी आणखी दोन पाने उलटावीत. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपण जन्मलो त्या दिवसाला शाप देतो. पुढे कितीतरी अध्याय तो देवाला जाब विचारत राहतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र देवाच्या बाजूने बोलतात. दुःख आले म्हणजे पाप असणारच, ते कबूल कर, सगळे नीट होईल, असा त्यांचा सूर. आजही दवाखान्यात भेटायला येणारी भली माणसे थोड्याफार फरकाने हेच बोलतात. पण शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा त्याचा निवाडा आहे. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. हे वाचूनही आपण आजाऱ्याला गप्प राहायला का सांगतो, ते मला कळत नाही.

त्याच अध्यायात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ईयोबाची मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, उंट, बैल, गाढवी सगळे दुप्पट होते. मुले मात्र पुन्हा दहाच होतात, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेली दहा परत येत नाहीत. ज्याने हे पुस्तक लिहिले त्याला ठाऊक असावे की मेंढरांचा हिशेब लेकरांना लावता येत नाही.

उपासनेत साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा उठतात ती बरी झालेली माणसे. डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रभूने उठवले. त्या साक्षी खऱ्या असतात, त्यांचा आनंदही खरा असतो. पण जी बरी झाली नाही तिने कधी उठायचे? नगरची माझी आत्या शेवटची काही वर्षे अंथरुणावरच होती. रोज संध्याकाळी ती देवाशी मोठ्याने वाद घालायची. तू ऐकतोस की नाही, मला एवढे तरी सांग, असे म्हणायची, आणि मग शेजारणीच्या नातवासाठी, पावसासाठी, आम्हा सगळ्यांसाठी एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करायची. तिला साक्षीसाठी कुणी बोलावले नाही. मी मात्र विश्वासूपणा पाहिला तो तिच्याच खाटेशी.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. 88वे वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले, देवळात गायले गेले. खुद्द प्रभूने वधस्तंभावर तू मला का टाकलेस असे विचारले, तेही एका स्तोत्राच्याच शब्दांत. ज्याच्याशी आपले काही नाते उरले नाही त्याला कुणी असे विचारत नाही.

पंडिता रमाबाईंकडे मी याच वाटेने येतो. विशीही गाठली नव्हती तेव्हा मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. दागिने, भांडी विकून झाली होती. तीर्थयात्रा, उपास, दानधर्म सगळे झाले होते. भावाबरोबर पायी फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. पदरात मनोरमा, वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यकर्म केले की संकट टळते, हा व्यवहार त्यांनी आपल्याच घरात फसलेला पाहिला होता. म्हणून मला वाटते, ख्रिस्ताकडे येताना त्यांनी तो सोबत आणला नाही. सुखाचा करार त्यांनी मागितला नसावा. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आपण स्वतः जे भोगले त्याचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग केडगावला, आपल्या मुक्तिसदनात, त्यांनी बायबलच्या भाषांतराला हात घातला. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. काम वर्षानुवर्षे चालले. 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. सगळा संसार वाहून गेल्यावर उरलेली एकुलती एक लेक, आणि मुक्तीचे काम पुढे जिच्या हाती द्यायचे तीही हीच. रमाबाईंना तेव्हा ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते. त्या मुद्रिते तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा तपासणी पुरी झाली होती, असे मुक्तीत सांगतात.

त्या रात्री-बेरात्री देवाला काय म्हणाल्या असतील, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण भाषांतर पूर्ण बायबलचे होते. म्हणजे ईयोबाचा तिसरा अध्यायही त्यांना हिब्रूतून शब्दाशब्दाने उतरवावा लागला, आणि 88वे स्तोत्रही. घरची इतकी माणसे गमावलेल्या हाताने ते लिहिले. मुक्तीतल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. कुठे काही सौम्य करून घेतले नाही.