कापसाच्या खोलीतला आवाज

दिवाळीनंतर आमच्या घरात रेडिओचा आवाज बदलायचा. वेचणी सुरू झाली की बैठकीच्या अर्ध्या भागात कापूस येऊन पडे. सरकारी एकाधिकार खरेदीचे दिवस होते. केंद्रावर नंबर लागेपर्यंत तो तिथंच राही. पौषात ढीग आढ्याला टेके आणि बिडी ओढणाऱ्या पाहुण्याला ओसरीवरच बसवत. समोरच्या कोनाड्यात बाबांचा व्हॉल्व्हचा मर्फी होता. खाली शहाबादी फरशी, भिंतींना चुना, त्यामुळे उन्हाळ्यात बातम्या देणारा माणूस विहिरीच्या काठावरून बोलल्यासारखा वाटायचा. कापूस भरला की तोच माणूस शेजारी येऊन बसे. शब्द सुटे सुटे कळत, डग्गा गोल ऐकू येई, गाणारीनं कुठं श्वास घेतला तेही समजे. मग एके दिवशी गाडी भरून जाई, खोली झाडून निघे आणि त्या रात्री रेडिओ पुन्हा लांब गेलेला असे. घरात पैसे आल्याचा आनंद असायचा. मला मात्र कापूस गेल्याचं खरोखर वाईट वाटायचं.

कॉलेजात असताना वॉलेस सबाईन यांच्याविषयी वाचलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या फॉग व्याख्यानगृहात शिक्षकांचं बोलणं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. सबाईन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजत. गाद्या वाढवत गेले तसं घुमणं कमी होत गेलं. त्यातून त्यांनी सूत्र बांधलं, आणि सभागृहं उभारताना आजही ते वापरतात. ते पान वाचताना मला आमची बैठक दिसत होती. त्यांनी गाद्यांनी जे शोधलं, ते आमच्याकडे दर हंगामात कापूस करत होता.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. आवाज यंत्रात पुरता नसतो; भिंत, छत, लाकूड, माती, वीज, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून आवाजाच्या नादी लागलेला माणूस सुरुवात दुकानातून करतो आणि पुढं सुतार, कुंभार, धनगर, सोनार, वायरमन यांच्या दारात जाऊन बसतो. आयुष्यभर मी अशा दारांतून फिरलो आहे, आणि बुलडाणा जिल्हा मला खरा कळला तो याच फिरण्यातून.

मर्फी कायमचा बंद पडला तेव्हा मी बाबांकडून त्यातला स्पीकर मागून घेतला. आठ इंची, कागदी कोनाचा, मागं जड चुंबक. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागद, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली, आणि जगातले बहुतेक स्पीकर अजून तिच्यावरच चालतात. तो घेऊन मी मेहकरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, “याले उघडा नोको वाजवू. याले घर पाह्यजे.” उघड्या स्पीकरच्या पुढून निघालेली खर्जाची लाट मागून निघालेलीला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, हे त्यांनी मला दोन हात समोरासमोर हलवून दाखवलं.

पहिलं घर मातीचं होतं. मोबाईलवरची गाणी घुमवायला मडक्यावर स्पीकर बसवणारी पोरं आता गावोगावी दिसतात. ही युक्ती त्याहून जुनी आहे आणि तिच्यामागं मोठं शास्त्र आहे. आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या तपासल्या. चौकोनी खोक्याच्या धारदार कडांवर आवाज अडखळतो आणि काही सूर उगाच वर येतात, काही दबतात. गोल पेटीतून तो सर्वांत सरळ बाहेर आला. आमचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या तोच आकार चाकावर काढत आले आहेत. मात्र गोल पोटातही आतल्या आत लाटा ठाण मांडतातच. आणि मडकं घेताना बाया ते बोटानं वाजवून पाहतात, चीर असली की आवाजच सांगतो. स्पीकरची पेटी मीही अशीच वाजवून पाहतो.

यंत्राची बाजू त्या मानानं लवकर उरकली. जुन्या रेडिओचे स्पीकर थोड्याशा ताकदीवर खुलतात. सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी केलेली, दोन्ही बाजूंना सहा-सहा वॉट देणारी. आपल्याकडे तिच्यावर घरगुती अँप्लिफायरची एक अख्खी पिढी उभी राहिली. मलाही तेवढी पुरली. ट्रान्सफॉर्मर भरून घेतला मोटार वाइंडिंगवाल्याकडून. विहिरीवरचे पंप जळाले की ज्याच्याकडे रांग लागते, त्याच माणसानं दुपारच्या निवांत वेळी पट्ट्या रचून, तार मोजून, वार्निश देऊन तो तयार केला.

पण घरघर जाईना. आपली वीज पन्नास सायकलची, आणि तिची घरघर स्पीकरमध्ये उतरली की तंबोऱ्याचा खर्ज तिच्यात बुडतो. वीज मंडळातले एक लाईनमन मित्र घरी आले, सगळं पाहून बाहेर अंगणात गेले आणि अर्थिंगचा खड्डा उकरायला लावला. कोळसा, मीठ आणि पाणी. मग त्यांनी सांगितलं की आपली काळी माती ओल धरते, म्हणून तिच्यात वीज सहज मुरते. तीच गोष्ट बरड मुरमावर जमत नाही. कापूस पिकवणारी ही जमीन तार साफ ठेवण्याचंही काम करते हे कळल्यावर मला तिच्याविषयी वाटणारा आदर वाढला. उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा मी तुळशीच्या आधी अर्थिंगला पाणी घालतो.

घाटाखालच्या माणसाला उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. खामगाव-मलकापूरकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. कूलरच्या आवाजात विलंबित ख्यालाचा अर्धा भाग नाहीसा होतो. खामगावचे माझे एक स्नेही मैफलीची रेकॉर्ड लावण्याआधी खोली तासभर गार करून घेतात, मग कूलर बंद करतात आणि घाम फुटेपर्यंत ऐकतात. वसंतराव देशपांड्यांचा जन्म शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा, म्हणून त्यांची रेकॉर्ड लावताना हे गृहस्थ म्हणतात, “आपल्या माणसासाठी एवढं सोसू.”

दुसरं घर सागवानाचं. आमच्या गल्लीतला माळवदाचा वाडा पडला तेव्हा त्याच्या दाराच्या फळ्या मिळाल्या. सुतारानं त्यातून उंच, आत घड्या घातलेली पेटी केली. कल्पना ब्रॅडफर्डच्या ए. आर. बेली यांची. स्पीकरच्या मागची लाट लांब, दुमडलेल्या वाटेनं न्यायची आणि त्या वाटेत लांब धाग्याची लोकर भरायची, म्हणजे ती लाट चालता चालता थकते, असं त्यांनी १९६५ मध्ये मांडलं. ब्रॅडफर्ड म्हणजे इंग्लंडातली लोकरीची राजधानी. तिथल्या माणसाला लोकर सुचणं स्वाभाविकच. मी आमच्याकडे येणाऱ्या धनगरांकडून कातरणीची लोकर घेतली, आईनं ती धुवून, पिंजून दिली आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालायला सांगितला. घोंगडीची ती लोकर आत गेल्यावर मृदंगाचा आवाज स्वच्छ झाला. बाजारात मिळणारा फायबरचा कापूस मी नंतर भरून पाहिला आहे, काम तोही करतो. मला लोकरीचा आवाज आवडतो.

मधल्या काळात कॅसेट आली. कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, नाट्यपदं एकाच यादीत असायची. हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवला की झाकोळलेला आवाज उजळतो, हे त्या दुकानातच शिकलो. त्या दुकानांवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

आणि कॅसेटच्या आधीच्या तबकड्यांतली ‘शीळ’. कवी ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गायली, एचएमव्हीनं तिची तबकडी काढली आणि मेहकरच्या रानातली कविता मराठी मुलखात घरोघरी वाजू लागली. ‘शीळ’ नावाचा संग्रह यायला पुढं १९५४ साल उजाडलं. म्हणजे ती आधी ऐकली गेली आणि पुस्तकात नंतर आली. जोशी पुढं एचएमव्हीतच ध्वनिमुद्रणाचं काम बघू लागले आणि कितीतरी मोठ्या गवयांचे आवाज त्यांनी टिपले. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, लाख आणि दगडाची बारीक भुकटी यांच्या मिश्रणाच्या. आणि लाखेचे किडे वाढतात पळसावर, बोरीवर, कुसुमावर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात गाणं बसवावं लागे.

ती तबकडी मी एका संग्राहकाकडे ऐकली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुई जाड लागते, एलपीच्या सुईच्या साधारण तिप्पट, नाहीतर ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. त्यांनी सुई बदलली, खाच मऊ ब्रशनं पुसली आणि मग वाजवली. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. तिचं काम वर्षानुवर्षं पाहणारे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. या छंदात अशीच माणसं भेटतात.

आमचा जिल्ह्यातला गोतावळाही तसाच आहे. त्यात भूमितीचे मास्तर आहेत, ते पेटीची मापं काढतात. एक बागाईतदार आहेत. ठिबकचा पीव्हीसी पाईप कापून ते पेटीला नळी बसवतात आणि ती बोटभर लांब केली की खर्ज किती खाली उतरतो ते वहीत लिहितात. खामगावच्या चांदीच्या पेढीवरचे एक कारागीर आहेत. खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली, तेव्हा स्पीकरची तार चांदीचीच हवी असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांनी स्वतः ओढून तशी तार केलीही. चांदी तांब्याहून सुमारे सहा टक्के चांगली वाहते. तेवढं अंतर तांब्याची तार जरा जाड घेतली की भरून निघतं, हे मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं. मला मास्तरांचं पटतं. तरी ती तार मी जपून ठेवली आहे, कारण इतकी सारखी, गुळगुळीत तार मी दुसरी पाहिलेली नाही.

मिरवणुकीतल्या डीजेवाल्या पोरांशीही आमचं बोलणं असतं. प्लायवूड आणि नळीचं गणित त्यांना आमच्याहून जास्त कळतं, आणि त्या हुन्नराची मला कदर आहे. पण निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांत आहे ती आजाऱ्यांसाठी, लेकरांसाठी, आणि ती पाळलीच पाहिजे, हे मी त्यांना दर गणपतीत सांगतो. काही ऐकतात.

आता माझं घर स्लॅबचं, खाली टाईल्स, आणि कापूस थेट शेतातून जिनिंगला जातो. भाचीला तिच्या खोलीसाठी जोडी हवी आहे. तळहाताएवढ्या बोर्डावरून मोबाईलचं गाणं चालेल, पण पेट्या मडक्यांच्याच, हे तिनं ठरवलंय. आठ इंचीला जोडीदार मिळणं कठीण, म्हणून लहान स्पीकर घेतले. परवा आम्ही कुंभारदादांकडे गेलो. त्यांनी माप विचारलं, मग म्हणाले, “दोन सारखे कसे होतीन ताई? भट्टीत माती आटते.” तिनं पाच-सहा करायला सांगितले, ती प्रत्येकात पाणी भरून लिटरनं मोजणार आणि जुळणारे दोन निवडणार. उरलेले आम्ही पाण्याला ठेवू, असं ती म्हणाली तेव्हा दादा हसले. पाऊस लागायच्या आत भट्टी लागायला हवी, म्हणून पुढच्या आठवड्यात तोंडाचं माप प्लायवूडमध्ये कापून त्यांना नेऊन द्यायचं आहे.