खाऱ्या पानांचं वर्ष

कफ परेडच्या मच्छीमार नगरात पुस्तक फार दिवस कोरं राहत नाही. दारातून येणारा खारा वारा त्याला लागतो, पानं किंचित फुगतात, आणि नाक जवळ नेलं की कागदाच्या वासात सुक्या बोंबलाचा, डिझेलचा, ओल्या जाळ्याचा वास मिसळलेला असतो. मला तो वास प्रिय आहे. यंदा जी पुस्तकं मनात राहिली, ती या वासासकट राहिली. एखादं पान आठवलं की त्याच्यापाठोपाठ धाकट्याचा ताप येतो, नळाला पाणी यायची वेळ येते, पहाटे ससून डॉकला निघायची धांदल येते. आणि वाटतं, सलग, निवांत बसून वाचली असती, तर ही पुस्तकं इतकी माझी झाली असती का?

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी त्या त्या महिन्यात त्या त्या महिन्याचा लेख, असं पुरवून वाचलं. पुस्तक १९५६ सालचं. त्यांचे महिने झाडांच्या पालवीवरून, फुलांवरून ओळखू येतात. आमचे उधाण आणि भांगावरून, जाळ्यात काय येतं त्यावरून. ते दोन्ही महिने माझ्या खिडकीत हळूहळू एकमेकांत मिसळत गेले. किती सावकाश पाहायच्या त्या बाई!

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र स्वयंपाकघरात वाचली, भाताला उकळी फुटेपर्यंत दोन पानं, पोरं शाळेतून येईपर्यंत आणखी दोन. नवऱ्याचा, टिळकांचा, भडकू स्वभाव, माणसांनी सतत भरलेलं घर, आणि त्यातूनही न आटणारा लक्ष्मीबाईंचा हसरेपणा. त्यांच्या वडिलांच्या कडक सोवळ्याचा जाच मी सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा म्हावऱ्याची पाटी धुता धुता त्या थांबल्या. “त्या घरातल्या बाया कशा जगल्या असतील गो?” एवढंच म्हणाल्या.

पण हे वर्ष खरं ‘एका कोळियाने’चं. हेमिंग्वेची १९५२ सालची कादंबरिका, पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली मराठीत आणलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. होड्या वर ओढलेल्या, बाहेर पाऊस, आणि घरात मांडीवर जाळं घेऊन बसलेले सासरे. दुपारी भांडी आवरली की मी त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचायची. ८४ दिवस त्यातल्या म्हाताऱ्या कोळ्याला, सांतियागोला, मासा मिळत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. म्हातारा एकटाच एवढ्या लांब गेला, हे मात्र त्यांना मुळीच पटलं नाही. दोरी हातात धरून धरून सांतियागोच्या डाव्या हाताला पेटका येतो, तिथं त्यांची सुई थांबली. त्यांनी स्वतःचा तळवा उजेडाकडे धरला. दोरीनं कापलेल्या जुन्या वणांच्या पांढऱ्या रेघा त्यात आडव्या गेलेल्या, एक तर अंगठ्याच्या मुळापर्यंत. इतकी वर्षं मी त्या हातात चहाचा कप देत आले, आणि त्या रेघा मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिल्या.

मुशी येऊन सांतियागोनं पकडलेल्या माशाचे लचके तोडू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, “आज पुरे.” दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मग, किती उरला मासा?”

मला वाटायचं, सासूबाईंचं या वाचनाकडे लक्ष नाही. त्या उंबऱ्याशी बसून सोडे निवडत असायच्या. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, “आणि त्याची बायको?” मी सांगितलं, ती वारलेली, तिचा फोटो भिंतीवर होता, पण बघून फार एकटं वाटायचं, म्हणून त्यानं तो काढून कोपऱ्यातल्या फळीवर, धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवलाय. त्यांचे हात सोड्यांत तसेच राहिले. मग म्हणाल्या, “घरी आल्यावर त्याला काही खायला-प्यायला कोणी दिलं का?”

“गावातल्या एका पोरानं कॉफी आणून दिली.”

“बरं झालं. पोर तरी होतं.”

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, दुपारी पुन्हा तुटक झाल्या. पुढच्या बंदीत काय वाचायचं, हे सासूबाईंनी आत्ताच विचारून ठेवलंय. मी विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ काढून ठेवलं आहे. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरची गोष्ट आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी लगेच विचारलं, बोट कुठल्या धक्क्याला लागते ते.