बाद झाल्यावर काय करायचं?

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या हं. कुणी स्वतःच्या हातानं काहीतरी तयार केलं, तुमच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "कसं झालंय?" तर तुम्ही काय सांगता? "छान झालंय!" हेच ना? मीही आयुष्यभर तेच सांगत आलो. त्यापायी आमच्या शेजारच्या पोराचे तीन महिने फुकट गेले.

आम्ही राहतो सांगलीला. शेजारचा हा पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गल्लीतली सगळी पोरं त्याला दादा म्हणतात, तेव्हा आपणही दादाच म्हणू. या दादाच्या मनात आलं, फोनवर खेळायचा हुतूतू तयार करायचा. एकट्यानं कॉम्प्युटरशी खेळायचा नाही, तर चौघं इकडं नि चौघं तिकडं, प्रत्येकजण आपापल्या घरी बसून. त्यानं वर्षभर रात्री जागवल्या. खेळ उभा राहिला तेव्हा तो मला म्हणाला, "काका, बाजारात आणायच्या आधी लोकांकडून खेळून घ्यायला पाहिजे. तुमच्या ओळखीत पोरं आहेत का?"

पोरांना काय तोटा? चार पोरं आमच्या गल्लीतली निघाली. दुसरे चौघे साताऱ्याचे: माझा भाचा, त्याचे दोन मित्र आणि चौथी गडी हवी म्हणून माझी दहा वर्षांची भाची. म्हणजे सामना चक्क सांगली विरुद्ध सातारा! मध्ये कराड धरून एवढं अंतर, पण संध्याकाळी साडेसातला आठही जण एकाच मैदानात.

तुम्ही म्हणाल, खेळ पुरा व्हायच्या आधीच तो लोकांच्या हातात कसा द्यायचा? अहो, मोठमोठ्या कंपन्यासुद्धा तेच करतात. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं 'इंडस' नावाचा खेळ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्याआधी निवडक खेळाडूंना तो खेळायला दिलाच होता. करणाऱ्याला आपल्या खेळाची प्रत्येक खोच पाठ असते, त्यामुळं नवख्या माणसाचं बोट कुठं अडखळेल ते त्याला दिसत नाही. आईला आपल्या भाजीतलं मीठ कळत नाही, तसंच काहीसं.

दादानं एक फॉर्म केला होता. रोज खेळून झालं की खेळ कसा वाटला ते त्यात लिहायचं. पहिल्या आठवड्यात नुसता पाऊस पडला सूचनांचा. एकानं लिहिलं, चढाई करताना खरोखर 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावा, फोनच्या माइकमधून दम मोजा. दादानं तेही करून बघितलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन. "दादा, हे काय चालवलंयस? शेजारचे विचारायला आले, पोराला काय झालंय म्हणून!" ती सूचना तिथंच बारगळली.

दुसरी एक तक्रार मात्र फार शिकवून गेली. सातारकरांनी एकमुखानं लिहिलं, "आमचे गडी हळू पळतात, वेग वाढवा." दादानं वेग वाढवला. तर तक्रारी दुप्पट! "मी शिवलं होतं तरी तो बाद झाला नाही." "मी लांब होतो तरी बाद दिलं." भांडणं सुरू झाली. दादा दोन दिवस डोकं धरून बसला, मग त्याला उमजलं. सांगलीच्या पोरानं बोट हलवलं की तो निरोप थेट साताऱ्याला जात नाही. आधी मुंबईतल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून साताऱ्याला. त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा जरी गेला, तरी समोरचा गडी तुम्हाला दिसतो तो दहावा हिस्सा आधीच्या जागी. वेग वाढवला की तेवढ्याच वेळात गडी आणखी पुढं सरकणार, म्हणजे चूकही मोठी होणार. मग त्यानं वेग पहिल्यासारखा केला आणि सर्व्हरला शिकवलं, की चढाई करणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं ते मागं जाऊन बघ आणि मगच निकाल दे.

पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं बरं का. काहीतरी बिनसलंय हे त्यांना बरोबर कळलं होतं, फक्त काय बिनसलंय ते कळलं नव्हतं. डॉक्टरकडं गेल्यावर आपण पोट दुखतंय एवढं सांगावं, औषधाचं नाव सांगू नये.

आता माझ्या चुकीकडं येतो. मीही दोन-चारदा खेळलो होतो. पहिल्याच मिनिटाला बाद झालो आणि उरलेला सामना जांभया देत बघितला. फॉर्मवर काय लिहिलं असेल? 'अतिशय सुंदर. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पोरगा एवढा राबलाय, कशाला त्याचं मन मोडायचं, असा विचार केला झालं. माझ्या भाचीनंही रोज 'छान आहे' लिहून पाच तारे दिले. दादाला वाटलं, खेळ तर जमलाच. मग तो लागला रंगरंगोटीला. कपड्यांचे रंग, शिट्ट्या, प्रेक्षकांचा गलका, सगळं केलं. त्यात तीन महिने गेले. तोवर सांगलीचे दोघं नि साताऱ्याची एक हळूहळू यायचे बंद झाले होते.

दिवाळीत भडंग घेऊन मी साताऱ्याला गेलो. रात्री भाचीला जवळ घेऊन विचारलं, "काय गं, आजकाल खेळत नाहीस?"

"अभ्यास असतो, मामा."

"सुट्टीत?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "मला आईचा फोन अर्धा तासच मिळतो. मी लगेच बाद होते. मग अर्धा तास दुसऱ्यांचाच खेळ बघायचा. त्यापेक्षा मी खाली अंगणात जाते."

"मग तू पाच तारे का दिलेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, दादानं लई कष्ट केलेत."

मित्रांनो, मला काही बोलता येईना. ती माझ्याकडूनच शिकली होती.

सांगलीला परतल्यावर कंदी पेढ्यांचा पुडा दादाच्या हातात ठेवला आणि जसंच्या तसं सांगितलं. माझ्याही जांभया सांगितल्या. त्याचा चेहरा उतरला. मग चिडलाच. "तिला खेळता येत नाही, त्याला माझा खेळ काय करणार? आणि काका, तुम्ही तीन महिने गप्प का बसलात?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं थोडंफार उत्तर होतं. दुसऱ्याला नव्हतं.

हे उत्तर आपल्या मातीतच पडलेलं आहे. पूर्वी हुतूतूचे तीन प्रकार होते. 'गामिनी'मध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. 'संजीवनी'मध्ये आपल्या संघानं समोरचा एक मारला की आपला एक जिवंत होऊन आत यायचा. 'अमर'मध्ये शिवलेला गडी बाहेर जायचाच नाही, नुसता गुण मोजायचे. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेनं आली. दादानं नकळत गामिनी केली होती. आणि नियम काही दगडावर कोरलेले नसतात. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लोकांना रेंगाळणारा खेळ नको होता. म्हणून दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद. मैदानात तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघानं पकड केली तर एक गुण जास्त, म्हणजे दुबळ्या बाजूलाही आशा राहते.

आणि लिंबूटिंबू विसरलात का? लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला आपण खेळात घेतो, पण त्याच्यावर राज्य येऊ देत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात छापलाय? कुठल्यातरी रडणाऱ्या पोरानं तो मागितला असणार आणि थोरल्यांनी दिला असणार.

दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपणहून साताऱ्याला फोन लावला आणि भाचीशी पाऊण तास बोलला. तारे किती देणार हे विचारलंच नाही. कितव्या मिनिटाला कंटाळा आला, बाद झाल्यावर बोटं काय करत होती, फोन कधी ठेवून दिलास, असलेच प्रश्न. आता खेळात संजीवनी आली आहे. सामना दहा मिनिटांवरून सहावर आला, म्हणजे अर्ध्या तासात चार सामने बसतात.

सगळे खूश झाले असं मात्र समजू नका. आमच्या गल्लीतला थोरला पोरगा, जो एकट्यानं चौघांना लोळवायचा, तो कुरकुरतोय, "आता मारलेला पुन्हा उठून येतो, मजा गेली." त्याचंही म्हणणं खरंच आहे. मोठ्यांसाठी गामिनी वेगळी ठेवावी का, यावर दादाचा विचार चाललाय. खेळ अजून बाजारात आलेला नाही.

भाचीनं मात्र फॉर्म भरायचं सोडून दिलं. ती वहीत लिहिते, पानाचा फोटो काढते आणि आईच्या फोनवरून पाठवते. परवाच्या पानावर वरती तारीख होती आणि खाली एवढंच लिहिलं होतं: 'शिट्टीचा आवाज कानाला टोचतो. बाद झालेल्या मुलीचं तोंड एवढं रडकं का काढलंय? मी रडत नाही.'